अण्णांचा कोरडा संडास

अण्णांच्या घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी संडास दाखवला जाई. पाहुणा तीन बस बदलून, धुळीने माखून आलेला असे आणि त्याला फक्त पंख्याखाली बसायचं असे. पण अण्णा त्याला चपला काढू देत नसत. "आधी इकडे या, मग निवांत बसू," म्हणत ते त्याला घराच्या मागे, चार पायऱ्या चढून जावं लागे अशा एका छोट्या खोलीकडे नेत. मधलं भोक कशासाठी, पुढची पन्हळ कशासाठी, धुण्यासाठी मागे कुठे सरकायचं आणि उठल्यावर डब्यातला लाकडाचा भुसा नि राख किती टाकायची, हे सगळं ते न लाजता, बँकेतला कारकून फॉर्म भरायला शिकवतो तशा आवाजात सांगत. शेवटचं वाक्य ठरलेलं असे. "मधल्या भोकात पाणी नाही. एक थेंब नाही. बाकी काही चुकलं तरी चालेल."

अण्णा माझ्या वडिलांचे ऑफिसमधले सहकारी. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. पाण्याशी संबंधित एका खात्यात त्यांनी तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्तीच्या आधीच काकू गेल्या. मुलीचं, नंदाचं, लग्न झालं. ऑफिसातल्या काही लोकांनी मिळून दिल्लीच्या दक्षिणेला, हरियाणाच्या हद्दीजवळ प्लॉट घेतले होते. बाकीचे भाव चढायची वाट बघत राहिले आणि अण्णा तिथे दोन खोल्या बांधून राहायला गेले. कॉलनीला मंजुरी नव्हती, गटार नव्हतं, आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, वडिलांची बदली झाल्याने क्वार्टर सुटलं होतं आणि करोल बागेतल्या नोकरीत दिल्लीत घर परवडत नव्हतं. अण्णांनी एक पोस्टकार्ड पाठवलं, "वरची खोली रिकामी आहे. संडास माझ्या पद्धतीचा वापरावा लागेल." या अटीवर शुभदा आणि मी तिथे सात वर्षं राहिलो.

कॉलनीत त्यांना फारसं कोणी अण्णा म्हणत नसे. तिथे ते 'बुरादा अंकल' होते. बुरादा म्हणजे लाकडाचा भुसा. महिन्यातून दोनदा ते फर्निचरवाल्यांच्या बाजारात जाऊन दोन पोती भुसा भरून आणत आणि बसच्या मागच्या दाराशी ती पोती पायांत धरून बसत. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर ओळखीचा झाला होता. पोत्यावर पाय ठेवत त्याने विचारलं, "अंकल, इतना बुरादा ले जाते हो, खाते हो क्या?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "नहीं, खाने के बाद लगता है." अर्धी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, जणू हा माणूस माझ्याबरोबर नाहीच. सात वर्षांत मी असा खिडकीबाहेर किती वेळा बघितलं, ते मला आता मोजवत नाही.

हे सगळं त्यांनी का मांडलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. क्वार्टर्समध्ये असताना मागच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं. एक माणूस झाकण उघडून आत उतरला आणि गळ्यापर्यंत बुडून काम करत राहिला. अण्णा गॅलरीत चहा पीत होते. वर आल्यावर त्या माणसाने साबण मागितला. अण्णांनी घरातली वडी दिली. हातपाय धुऊन त्याने ती परत करायला हात पुढे केला. "आणि मी म्हणालो, ठेव तुलाच," अण्णा म्हणाले. "त्याला वाटलं मी दिली. खरं म्हणजे मला ती परत नको होती. तोही समजला असणार." मग बराच वेळ ते भुसा चाळत राहिले. "मी तीस वर्षं पाण्याचे नकाशे काढले रे. पाण्याने घाण जात नाही. ती फक्त पुढच्या माणसाकडे जाते."

म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने नकाशा काढून तो संडास बांधून घेतला होता. खाली दोन कप्पे. एक वर्षभर वापरायचा, मग बंद करून दुसरा. बंद कप्पा वर्षाने मागच्या लोखंडी झडपेतून उघडायचा. तोवर आतलं सगळं काळं, भुरभुरीत, मातीसारखं झालेलं असे. ते काम अण्णा स्वतः करत. पहिल्या वर्षी मी शंभर रुपये देऊन एखादा माणूस आणतो म्हणालो, तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त फावडं माझ्या हातात दिलं. ती माती लिंबांना, कर्दळीला जायची. ते ओंजळभर माती घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला हुंगायला लावत. कॉलनीच्या कमिटीचे प्रधानजी म्हणजे अध्यक्ष, एक निवृत्त हवालदार, अंगणात आले असता अण्णांनी ओंजळ त्यांच्या मिशांपर्यंत नेली. प्रधानजींनी हुंगलं. म्हणाले, "अच्छी मिट्टी है जी. कहाँ से मँगाई?" अण्णांनी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. प्रधानजींनी त्या दिवशी चहा घेतला नाही, पण नंतर अण्णांच्या बाजूने बोलणारे तेच एकटे होते.

मी हे गोड करून लिहितो आहे. राहायला ते गोड नव्हतं. भुसा ओला झाला की वाळवावा लागे, राखेसाठी ढाब्यावर जावं लागे, पावसाळ्यात चिलटं येत. मुलाखतीला जाताना शर्टावर भुशाची कणी दिसली की माझा दिवस जाई. ऑफिसातल्या कोणालाही मी सात वर्षांत घरी बोलावलं नाही. शुभदाने ते सगळं महिन्याभरात अंगवळणी पाडलं. तिच्या माहेरी सोलापूरला पाणी पाच दिवसांनी येई. "तिथे संडासात ओतायला आम्ही धुण्याचं पाणी साठवायचो," ती म्हणायची. "इथे तेवढं तरी नाही." मला मात्र रोज सकाळी त्या चार पायऱ्या चढताना आपण आयुष्यात कुठेतरी मागे पडलो आहोत असं वाटे. ते मी अण्णांना कधी कळू दिलं नाही. त्यांना वाटे की माझाही त्यावर विश्वास आहे.

सहाव्या वर्षी कॉलनीच्या मंजुरीची बोलणी सुरू झाली. सरकारी माणसं बघायला येणार, त्याआधी प्रत्येक घराला सेप्टिक टाकी हवी, असं कमिटीने ठरवलं. अण्णा एकटे नको म्हणाले. टाकी कधीतरी भरणार, तिच्यात कोणालातरी उतरावं लागणार, आणि ते आपल्या घरासाठी होऊ देणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. प्रधानजींनी मधला मार्ग काढला. पावसाळा संपला की कमिटी रविवारी येऊन बघेल. अण्णा उभे राहून म्हणाले, "बदबू आई तो मैं खुद बंद कर दूँगा. किसी को कहना नहीं पड़ेगा." मी शेजारी बसलो होतो. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी, बंद झालं तर बरं, असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी अण्णा पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेले. शनिवारी परतणार होते. जाताना भुशाचा डबा भरून ठेवला, झडपेला तेल घातलं आणि म्हणाले, "तू आहेस, म्हणून जातोय." बुधवारी माझे सासू-सासरे हरिद्वारला जाताना चार दिवसांसाठी उतरले. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, सोवळ्यातले नव्हेत पण टापटिपीचे. अण्णा असते तर त्यांनी सासऱ्यांना चहाच्या आधी पायऱ्यांवर नेलं असतं. मला ते तोंडातून काढायचीच लाज वाटली. "मागे आहे," एवढं सांगून मी बादली भरून ठेवली. सासऱ्यांनी ती जगभर ओततात तशी मधल्या भोकात ओतली. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि मला विचारलं, "जावईबापू, नोकरी दिल्लीतच आहे ना तुमची?"

त्या वाक्यानंतर मी जे केलं ते मी आजवर दोघांनाच सांगितलं आहे. थोडा वास सुटला होता. राख, चुना आणि भुसा टाकून दार उघडं ठेवलं असतं तर दुपारपर्यंत तो गेला असता. हे मला माहीत होतं, सहा वर्षं मी तेच करत आलो होतो. पण मला सासऱ्यांनी दुसऱ्यांदा जायच्या आत ती खोली एखाद्या हॉटेलातल्यासारखी करायची होती. मी फिनाईलची बाटली आणली, अर्धी आत ओतली आणि वरून पाणी टाकलं. वास वाढला. म्हणून आणखी पाणी टाकलं. घाण दिसली की पाणी ओतायचं, हे माझ्या हाडात होतं, तिथे सहा वर्षांची राख पोचलीच नव्हती. टँकरच्या पाण्याचं पिंप अर्धं झालं तेव्हा मी थांबलो. सहा बादल्या. शुभदाने पिंप बघितलं, माझे भिजलेले पाय बघितले.

शुक्रवारपासून वास अंगणात आला. शनिवारी संध्याकाळी अण्णा बॅग घेऊन फाटकातून आत आले आणि तिथेच थांबले. मग बॅग तशीच ठेवून मागे गेले. खालची झडप उघडली तेव्हा आतून काळं पाणी त्यांच्या पायांवर आलं. फिनाईलचा वास कसला, असं त्यांनी विचारलं. पाहुणे होते म्हणून फरशी पुसली, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. पाहुण्यांना मी सगळं दाखवलं असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं. वर आल्यावर शुभदा हळू आवाजात म्हणाली, "अहो, सांगून टाका. आत्ताच. उद्या ती माणसं येतील." मी म्हणालो, उद्या सकाळी सांगतो, तुझे आईवडील आवरत असतील तेव्हा. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तुमच्या तोंडून गेलं पाहिजे."

सकाळी कमिटीचे पाचजण आले. फाटकापाशीच सगळ्यांचे रुमाल नाकाला लागले. प्रधानजींनी मात्र रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला. मागच्या बाजूला माश्या घोंघावत होत्या. अण्णांनी रात्रभरात जमेल तेवढी राख टाकली होती, पण तो चिखल राखेला दाद देत नव्हता. दुसरा कप्पा भरून बंद होता, त्याचं वर्ष अजून व्हायचं होतं, तोही उघडता येत नव्हता. कोणी टोमणा मारला नाही, तेच जास्त वाईट होतं. प्रधानजी बाजूला होऊन म्हणाले, "अण्णाजी, बरसात का असर होगा. पंद्रह दिन और ले लीजिए. मैं सँभाल लूँगा." अण्णा विचार करत राहिले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो, माझ्यामागे पायरीवर सासरे उभे होते. मग अण्णा म्हणाले, "वजह मालूम होती तो माँग लेता. वजह ही नहीं मालूम, तो पंद्रह दिन लेके क्या करूँगा?" त्यांनी शब्द दिला होता. तो त्यांनी तिथेच पाळला.

मी बोललो नाही. सासऱ्यांसमोर नको, म्हणून त्या वेळी बोललो नाही. सासरे गेल्यावर, आता उशीर झाला, म्हणून बोललो नाही. त्यापुढे प्रत्येक दिवसाला त्याचं त्याचं कारण मिळत गेलं.

लिंबाची झाडं काढून तिथे सेप्टिक टाकी खणली गेली. मागची खोली मोडायची होती, पण अण्णांनी महिनाभर मोडू दिली नाही. त्यांना कारण शोधायचं होतं. पावसाचं पाणी कुठून झिरपलं, म्हणून त्यांनी भिंतीचा गिलावा छिन्नीने काढला. जोड तपासले. जुना नकाशा दिवाणावर पसरून उतार पुन्हा मोजला. मी त्यांच्यासाठी टॉर्च धरायचो. भिंती आतून कोरड्या होत्या. एकदा ते गुडघ्यांवर बसलेले असताना मान वळवून म्हणाले, "सुधीर, तू सहा वर्षं वापरलास. तुझ्या डोक्यात काही येतं का?" मी म्हणालो, "दमट हवा असेल अण्णा. या वर्षी पाऊस लांबला." त्यांनी मान हलवली आणि वहीत तसं लिहून घेतलं. सगळ्या आयुष्यात मी बोललेल्या खोट्यांपैकी हे एकच खोटं मी कोणालातरी लिहून घेताना बघितलं आहे.

वर्षभराने टाकी भरली. पंपाची गाडी आमच्या गल्लीत वळेना, म्हणून दोन माणसं बादल्या आणि दोर घेऊन आली. अण्णांनी त्यांना नको म्हटलं, गाडीसाठी चार दिवस आणखी धावाधाव केली, पण घाण रस्त्यावर यायला लागली आणि शेजारी दारात येऊन उभे राहिले. एका माणसाने कमरेला दोर बांधला आणि तो आत उतरला. मी जिन्यावर उभा होतो. अण्णा टाकीच्या तोंडाशी उभे राहिले आणि तो आत होता तेवढा वेळ खाली बघत, त्याच्याशी बोलत राहिले, म्हणजे उत्तर येतंय की नाही ते कळावं. तो दोनदा वर आला, दोनदा परत गेला. काम झाल्यावर अण्णांनी त्याच्या हातांवर स्वतः पाणी घातलं, त्याला अंगणातल्या खुर्चीवर बसवलं आणि आपल्या कपात चहा दिला. दोघं अर्धा तास बोलत होते. काय, ते मला ऐकू आलं नाही. मी खाली गेलो नाही. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत आणि पुढच्या महिन्यात घर विकायचं म्हणाले. नंदाने नोएडाला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, ते तिच्याकडे गेले. आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला भाड्याने घर घेतलं. फ्लश असलेलं.

मी त्यांना भेटायला जात असे, वर्षातून दोनतीनदा. ते बाल्कनीत बसलेले असत. पाहुण्यांना आता ते काही दाखवत नसत. शेजारच्या एका तरुण बाईने गच्चीवर भाजीच्या कचऱ्याचं खत करायचं म्हणून त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला विचारू नका, माझं फसलं होतं." हे नंदाने मला स्वयंपाकघरात सांगितलं, हसत. मी त्या दिवशी ठरवलं, आणि तरीही त्यानंतर मला दोन वर्षं लागली.

सांगितलं तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. मी पाठ केल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं. सासरे, फिनाईल, पिंप, फरशी पुसल्याचं निमित्त, टॉर्च, दमट हवा. अण्णांनी मध्ये थांबवलं नाही. मग विचारलं, "किती बादल्या?"

"सासऱ्यांची एक. माझ्या सहा."

"एकीने काही झालं नसतं," ते म्हणाले. "फिनाईल?"

"अर्धी बाटली."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण खूप दिवस दुखत असलेल्या दाताचं नेमकं ठिकाण सापडावं तसं ते होतं. "म्हणजे रचना बरोबर होती," ते म्हणाले. "सात बादल्या. कुठलाही कप्पा बसला असता." थोड्या वेळाने, तितक्याच शांतपणे, "पंधरा दिवसांत नीट झालं असतं रे. प्रधानजी देत होते पंधरा दिवस."

मी त्यांचे पाय धरले. मला माफ करा, असं काहीतरी म्हणालो. मी रडत होतो आणि खरं सांगायचं तर, आता ते पाठीवर हात ठेवतील, अशी वाटही बघत होतो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. हातही ठेवला नाही.

"माझी कसली माफी मागतोस?" ते म्हणाले. "टाकीत मी उतरलो नव्हतो."

नंदा आली, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. अण्णांनी तिला उत्साहाने सांगितलं की आपली रचना बरोबर होती, हिशेब आता लागला. कोणामुळे चुकलं ते सांगितलं नाही. निघताना ते लिफ्टपर्यंत आले. ज्याच्याशी ते अर्धा तास बोलत बसले होते, त्याचं नाव त्यांनी नक्की विचारलेलं असणार. लिफ्ट यायला वेळ लागत होता. मला तिथे विचारता आलं असतं. पुढच्या वेळी विचारू, असं म्हणून मी मेट्रो गाठली. त्या थंडीत अण्णा गेले.

गेल्या वर्षी मी त्या कॉलनीत जाऊन आलो. आता तिथे गटाराची लाईन आहे, चार मजली घरं आहेत. प्रधानजी हयात नाहीत. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला मी विचारलं, पूर्वी टाक्या साफ करायला दोघं यायचे, त्यातला दोर बांधून उतरणारा कोण, कुठला, नाव काय. त्याने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, आणि बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "भाईसाहब, उनका नाम कौन पूछता था. आपके बुरादा अंकल ही पूछते थे."